ओसरीपर्यंतची किल्ली

परदेशातल्या मराठी घरांत संगणकवाल्यांना तोटा नाही. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हे केलेच असेल: पंचवीस यंत्रांवर एकच आज्ञा चालवायची, म्हणून एक स्क्रिप्ट लिहिली. ती एकेका यंत्रात लॉगिन करते, आज्ञा देते, बाहेर पडते. आपण तोवर चहा पितो. जपानमध्ये या सोयीचा इतिहास टेलिफोनच्या तारेपासून सुरू होतो.

१९८४ साली जुन मुराई यांनी केइओ विद्यापीठ आणि टोकियो तंत्रज्ञान संस्था यांचे संगणक फोनने जोडले. लवकरच टोकियो विद्यापीठही त्यात आले. या जाळ्याचे नाव जेयूनेट. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० रोमन अक्षरे.

जोडणी कायमची नव्हती. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी आणि माणसासारखे लॉगिन करी. यासाठी बेल लॅब्जमध्ये तयार झालेली यूयूसीपी ही प्रणाली होती. तिच्या एका फाइलमध्ये प्रत्येक यंत्राचा फोन नंबर आणि पुढचे संभाषण लिहिलेले असे: हे दिसेपर्यंत थांब, मग ते पाठव. ‘लॉगिन’चे पहिले अक्षर सहसा गाळत, कारण ते कुठे कॅपिटल असे, कुठे नसे. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी हीच ‘थांब आणि पाठव’ची रीत ‘एक्स्पेक्ट’ या प्रोग्रामद्वारे कुठल्याही संभाषणासाठी खुली केली.

पण त्या फाइलमध्ये पासवर्डही उघडा लिहिलेला असे. तो चोरीला गेला तर? यूयूसीपीचे उत्तर साधे होते. त्या नावाने आत शिरणाऱ्याला पूर्ण यंत्र मिळत नसे, फक्त फाइलींची देवघेव करणारा प्रोग्राम मिळे. दुसरीकडे आज्ञा चालवायची असेल, तर विनंती रांगेत लागे. आणि तिथले यंत्र आपल्या यादीतल्याच आज्ञा मानी, उदाहरणार्थ टपाल पोहोचवणे. पाहुण्याला प्रवेश होता, पण ओसरीपर्यंत.

१९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. वाटेत चोरून ऐकणाऱ्याचा बंदोबस्त झाला, पासवर्डच्या जागी किल्लीही वापरता येऊ लागली. मात्र स्क्रिप्ट आपल्या माघारी चालावी म्हणून आपण ती किल्ली बिनपासवर्डची ठेवतो, आणि पंचवीसही दारांना तीच लावतो. म्हणजे उघड्या पासवर्डची ती जुनी फाइल परत आली. फरक इतकाच, की आता पाहुणा थेट माजघरात जातो.

उपायही जुनाच आहे. एसएसएचमध्ये पलीकडच्या यंत्रावर, अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमध्ये, किल्लीपुढे एकच ठरलेली आज्ञा लिहून ठेवता येते. मग ती किल्ली कोणाच्याही हाती लागो, तेवढीच आज्ञा चालते.

जेयूनेट १९९४ मध्ये बंद झाले. तुमची स्क्रिप्ट मात्र आज रात्रीही चालणार असेल. तिच्या किल्लीने किती दारे उघडतात, आणि पाहुणा कुठपर्यंत जातो, एवढे झोपण्यापूर्वी पाहून घ्या.