पत्त्यासकट सापडलेला व्हायरस

गुन्ह्याच्या जागी करणाऱ्याचे नाव-गाव सापडले, की तपास संपला असे वाटते. ‘ब्रेन’ या व्हायरसच्या बाबतीत तपास तिथून पुढेच अवघड होतो.

पहिला पुरावा म्हणजे बाधित फ्लॉपी. तिच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटच्या बूट सेक्टरमध्ये साधा वाचता येणारा मजकूर आहे: १९८६ हे साल, बासित आणि अमजद ही नावे, ‘ब्रेन कॉम्प्युटर सर्व्हिसेस’, लाहोरच्या अल्लामा इक्बाल टाउनमधला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. खाली सूचना अशी की व्हायरसपासून सावध राहा, लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा. मात्र १९८६ हे साल लिहिणाऱ्याने स्वतः घातलेले आहे. टपालाच्या शिक्क्याइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

दुसरा पुरावा त्याच फ्लॉपीवरचा, पण अधिक भक्कम: खुद्द प्रोग्राम. ३६० केबीच्या फ्लॉपीवर तो तीन क्लस्टर ‘खराब’ म्हणून नोंदवतो, त्यांत आपला उरलेला भाग आणि मूळ बूट सेक्टर ठेवतो आणि फ्लॉपीचे नाव बदलून ‘ब्रेन’ करतो. बाधित यंत्रावर कुणी बूट सेक्टर वाचू लागले, तर तो मूळ सेक्टरच पुढे करतो. हार्ड डिस्कला मात्र हात लावत नाही.

बाहेरची ठळक नोंद ऑक्टोबर १९८७ची, अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातली. बदललेले नाव ही वापरणाऱ्यांना दिसणारी सोपी खूण होती. डॉसच्या चेकडिस्कने ३,०७२ बाइट खराब दाखवले, की संशय बळावे. यंत्र बंद करायचे, खात्रीच्या फ्लॉपीवरून सुरू करायचे आणि डॉसची ‘सिस’ आज्ञा देऊन बूट सेक्टर नव्याने लिहायचा, हा त्यावरचा उपाय. फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर काही लिहिले जात नसे, त्यामुळे लागणही टळे.

पण लाहोरहून डेलावेअरपर्यंत व्हायरस पोहोचला कसा? २६ सप्टेंबर १९८८च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने उत्तर दिले: बासित आणि अमजद फारूक अल्वी हे भाऊ नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या स्वस्त नकला विकत आणि परदेशी गिऱ्हाइकांना बाधित प्रती देत. ही हकिकत घटनांना जवळची आहे, शिवाय भावांशी बोलून लिहिलेली. प्रवासाचा दुवाही तिने जुळतो. पण दुवा जुळणे म्हणजे तो सिद्ध होणे नव्हे. विशिष्ट फ्लॉपी विशिष्ट माणसाने नेल्याचे त्यातून ठरत नाही.

२०११मध्ये फिनलंडचे संगणक-सुरक्षा तज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन लाहोरला गेले. भाऊ त्याच पत्त्यावर भेटले, त्यामुळे नाव आणि ठिकाण यांबद्दल शंका उरली नाही. हेतूबद्दल भावांचे म्हणणे असे की त्यांच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकलांचा माग काढायचा होता.

हे म्हणणे प्रोग्रामशी ताडून पाहावे लागते. ब्रेन कोणतेही विशिष्ट सॉफ्टवेअर शोधत नाही. समोर येईल त्या योग्य आकाराच्या फ्लॉपीवर तो उतरतो, मग ती नकलेची असो वा कुणाच्या स्वतःच्या कामाची. म्हणजे सुरुवात चोर पकडण्यासाठी झाली असेलही, पण चोर आणि साव यांत फरक करण्याची सोय लिहिणाऱ्याने ठेवली नव्हती. ‘टाइम’च्या हकिकतीलाही हीच कसोटी लागते: पहिली प्रत परदेशी माणसाला दिली, तरी पुढची कुणाच्या हाती पडेल यावर ताबा नव्हता. छापलेला पत्ता पाहता भावांना लपायचे नव्हते, हा माझा अंदाज. प्रसार एवढा होईल याची त्यांना कल्पना नसावी, हाही अंदाजच.

कर्ते, ठिकाण आणि कार्यपद्धती या तीन गोष्टी निश्चित धरता येतात. ‘टाइम’मधली आणि २०११ची, या दोन्ही कथा मात्र भावांच्याच तोंडच्या आहेत, आणि त्यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. दोहोंतली एक निवडायची, तर त्या काळची विक्रीची पावती किंवा त्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची मूळ फ्लॉपी हवी. तोवर ‘चोरट्या नकलांचा माग’ हे कारण भावांचे निवेदन म्हणून नोंदवावे, निष्कर्ष म्हणून नव्हे.