धूळ आणि दुष्काळ

मोहाडीकडे धानाच्या बांधीत पात्यावर करपा दिसला की शेतकरी हवेला दोष देतो. त्याचे अगदीच चुकते असे नाही. करपा ही बुरशी. नर-मादीच्या संयोगावाचून ती आपली बीजुके सोडते आणि वारा ती पसरवतो. शास्त्रज्ञ त्यांना ‘कोनिडिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धूळ! एकेक बीजुक नासपतीच्या घाटाचे, पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे.

धानाचा असाच दुसरा रोग तपकिरी ठिपक्यांचा. १९४२ साली तो बंगालात पसरला, आणि १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. कटकचे भातसंशोधक पद्मनाभन यांनी १९७३ साली या रोगावरच बोट ठेवले. अमर्त्य सेनांनी १९८१ साली निराळा हिशेब मांडला: १९४३ साली बंगालात धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, भाव चढले आणि मजुराच्या हाताबाहेर गेले.

‘कोनिडियांनी बंगाल उपाशी मारला’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण माझ्याने ते लिहवत नाही. त्यांनी पिकाचे नुकसान केले, एवढेच लिहावे. १९४२ साली सरकारने किनाऱ्यावरच्या हजारो होड्या काढून घेतल्या, ते काही वाऱ्याने केले नव्हते.