अंतर्गत बाब

आफ्रिकी कादंबरी शिकवताना 'स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरास' हा शब्द आपण सहज वापरून जातो. गिनीच्या दियालो तेली यांचे चरित्र समजून घेतल्यावर मात्र तो फारच सौम्य वाटू लागतो.

तेलींचा जन्म १९२५चा. फ्रान्समध्ये त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. २८ सप्टेंबर १९५८च्या सार्वमतात द गॉल यांच्या प्रस्तावाला 'नाही' म्हणणारी गिनी ही आफ्रिकेतील एकमेव फ्रेंच वसाहत होती. त्या नवजात राष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून तेली संयुक्त राष्ट्रांत गेले. १९६३मध्ये वर्णभेदविरोधी विशेष समिती कामाला लागली. तिचे पहिले अध्यक्ष तेली, आणि सचिवपदाचा भार वाहणारे आपले ई. एस. रेड्डी. 'वर्णभेद ही आमची अंतर्गत बाब आहे,' हा दक्षिण आफ्रिकेचा ठरलेला बचाव होता. तो मोडून काढणे हेच समितीचे खरे काम.

१९६४मध्ये तेली आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले निर्वाचित महासचिव झाले. तिच्या सनदेच्या तिसऱ्या कलमात मात्र सदस्यराष्ट्रांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे तत्त्व होते. वसाहतवादाच्या जखमा ताज्या असताना ते समजण्याजोगे होते, हेही मान्य केले पाहिजे.

१९७२मध्ये ते महासचिवपदाची निवडणूक हरले आणि मायदेशी परतले. का परतले, हा प्रश्न मला फार छळतो. सेकू तुरे यांच्या राजवटीत काय चालले होते, ते त्यांना ठाऊक नसणे शक्य नाही. 'बॅले आफ्रिकँ'चे संस्थापक, कवी आणि माजी मंत्री केइता फोदेबा यांचा १९६९मध्येच बळी गेला होता. तेलींच्या परतण्याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. मला त्यात सार्वमतातल्या त्या 'नाही'वरची निष्ठा दिसते. तुरे यांनी त्यांना न्यायमंत्री केले.

१८ जुलै १९७६ रोजी या न्यायमंत्र्याला अटक झाली. 'फुलानी कटा'चे सूत्रधार असल्याचा आरोप, कोनाक्रीतील बोइरो छावणी, छळ, मग वदवून घेतलेला कबुलीजबाब. खटला नाहीच. फेब्रुवारी १९७७मध्ये त्यांना कोठडीत बंद करून अन्नपाणी तोडण्यात आले. छावणीच्या भाषेत या शिक्षेला 'काळा आहार' म्हणत. (शब्दांचे काम करणाऱ्यांनी या शब्दापाशी जरा थांबावे.) मार्चच्या आरंभी तेली गेले. वय ५१.

आठ वर्षे ज्या संघटनेचा कारभार त्यांनी वाहिला, ती गप्प राहिली. सनदेनुसार ती गिनीची अंतर्गत बाब होती. २६ मार्च १९८४ रोजी तुरे अमेरिकेतल्या एका रुग्णालयात वारले. आठवड्याभरात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा कुठे छावणीचे दरवाजे उघडले.