इंदापूरची मोजणी आणि आजचा डेटाबेस

संकेतस्थळासाठी डेटाबेस कोणता घ्यावा, हा प्रश्न हल्लीच्या संगणकवाल्या तरुणांचा, असे मानले जाते. आमच्या इंदापूर तालुक्यापुढे तो जवळजवळ 200 वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. संगणकाच्या जागी कुलकर्ण्याचे दप्तर होते, एवढेच.

इंग्रजांचा अंमल बसल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली. जमिनीच्या प्रतीप्रमाणे पीक किती, खर्च किती, हे काढून निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यावेत, असा त्याचा बेत. बेत विद्वत्तेचा खरा, पण एवढी बारीक माहिती आणणार कोण? आकडे खोटे निघाले, आकारणी भारी बसली. 1830 च्या सुमारास इंदापुरात ती लागू झाली आणि रयत शेते टाकून निघून गेली.

1835 साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी ते काम इंदापुरातच नव्याने हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाचा घोळ त्यांनी सोडून दिला. मोजलेले, खुणा केलेले, क्रमांकाचे शेत हाच हिशेबाचा पाया धरला. दर उतरवले आणि 30 वर्षे न बदलण्याची हमी दिली. खरी गोम त्या क्रमांकात आहे, श्रोतेहो. मालक मरतो, भाऊ वाटण्या करतात. सर्व्हे नंबराचे शेत जागचे हलत नाही. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

1970 साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवून समान खुणेने जोडण्याची कल्पना मांडली. बारामतीच्या तलाठ्याला तिचे नवल वाटले नसते. नमुना 7 मध्ये मालकी, 12 मध्ये पीक, 6 मध्ये फेरफार, आणि त्यांना बांधणारा तो नंबर. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावर मिळतो, त्याचाही सांगाडा हाच. फेरफार अर्धा होऊन चालत नाही. विकणाऱ्याचे नाव गेले आणि घेणाऱ्याचे लागले नाही, तर जमीन कोणाची? म्हणून मालकी, पगार, उसाचे बिल यांना पोस्टग्रेस्क्यूएलसारखा तक्त्यांचा डेटाबेस घ्यावा. जेथे प्रत्येक नोंदीचा आकार निराळा, तेथे मोंगोडीबीसारखा सोयीचा. केवळ नवा म्हणून घेणारा प्रिंगलचाच भाऊ.

1957 च्या 1 एप्रिलला, कृषक दिनी, कुळे जमिनीची मालक झाली; तेव्हा कसणाऱ्याचे नाव दप्तरात होते की नाही, यावर कित्येकांचे नशीब ठरले. आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा त्याचा, नोंद कोयत्याची. उद्या कोणी या हिशेबाचे संकेतस्थळ उभारले आणि तक्त्याची ओळ म्हणून कोयताच धरला, तर डेटाबेस कितीही नामांकित असो, त्या बाईची मजुरी किती झाली हे तो सांगू शकणार नाही.