गडाचं पोट

दिवाळी सरली, धानाची मळणी आटोपली, की आपल्या भंडाऱ्याकडे घरोघर एकच घाई असते. ढोली शेणामातीनं लिंपून घ्यायची, वाळू द्यायची, मग धान भरायचं. घरची म्हातारी हात घालून पाहते, धान नीट वाळलं की नाही. तिला ठाऊक असतं, की पुढल्या आषाढात घर तरेल ते या ढोलीवरच.

घराचं जे, तेच राज्याचं. लढाई म्हटली की आपल्याला तलवार आठवते, घोडा आठवतो. पण तलवार धरणारा हात आधी जेवलेला असावा लागतो. हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी गडावर बुरुजाबरोबर कोठारही बांधलं. असं एक कोठार आजही उभं आहे. ते आपल्यापासून लांब, कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा गड. शिवाजीमहाराजांनी तो १६५९ च्या नोव्हेंबरात घेतला, तेव्हा तो स्वराज्याच्या आणि आदिलशाहीच्या सीमेवरचा गड झाला.

तिथल्या कोठारांना अंबरखाना म्हणतात. इमारती तीन : गंगा, यमुना आणि सरस्वती. पैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावे, असं सांगतात. खंडी हे माप आपल्याला परकं नाही; धानाचा हिशेब आपण खंडीतच करत आलो. गावोगावी खंडीचं वजन निराळं, हे खरं. पण गावातल्या साऱ्या ढोल्या मनात एकत्र करून पाहा, म्हणजे कोठीचा अंदाज येईल!

बांधणी विजापुरी धाटणीची. भिंती जाड दगडी. बाहेरून पायऱ्या थेट छतावर जातात. आत सोळा खण, आणि प्रत्येक खणाच्या छताला एक भोक. हमालानं पोतं वर न्यायचं आणि भोकातून धान्य खाली सोडायचं. वरी, नाचणी, भात असं धान्य इथं साठवत. गडावर धर्मकोठी नावाची आणखी एक इमारत आहे. तिथून गरजूंना धान्य देत.

या कोठाराची कसोटी लागली १६६० साली. मार्चमध्ये सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. उन्हाळा गेला, पाऊस कोसळू लागला, तरी वेढा उठेना. पण गडावर धान्य होतं, म्हणून इतके महिने दम धरता आला. अखेर जुलैत महाराज रात्री गडाबाहेर पडले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. ती कथा आपण शाळेत वाचतो. तिच्याआधीचे चार महिने कोठारानं लढवले, हे मात्र धड्यात क्वचितच येतं.

महाराजांना या गोष्टीचं मोल पुरतं कळत होतं. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळच्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात बजावलं आहे, की दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडाल, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. राजा वातीचा आणि उंदराचा विचार करतो, कारण कोठारातला दाणा कोणाच्या घामाचा आहे, हे तो विसरत नाही.

पुढं १८४४ साली गडकऱ्यांच्या उठावात इंग्रजांनी तोफा लावून पन्हाळा घेतला. गडाचा चार दरवाजा गेला. अंबरखाना राहिला. आता तो सरकारी संरक्षणाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळा आहे.

पन्हाळा लांब पडेल. पण आपल्या जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, अंबागड आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या राजाखान पठाण नावाच्या सरदारानं १७०० च्या सुमारास तो बांधवला. पुढं भोसल्यांच्या अमलात तिथं कैदी ठेवत. विहिरीचं विषारी पाणी त्यांना पाजत, अशी आख्यायिका आहे.

गुरुजी, मुलांना घेऊन एकदा तिथं जा. बुरुज दाखवाच, पण त्याआधी विचारा, 'इथं शंभर माणसं राहिली, तर पाणी कुठलं पितील? धान्य कुठं ठेवतील? ते गडावर कोण वाहून आणील?' मुलं दगडांकडे निराळ्या नजरेनं पाहू लागतील. मग भिंतीवर कोळशानं नाव लिहायचं त्यांच्या मनातही येणार नाही. घरच्या ढोलीवर कोणी लाथ मारतं का?