उपग्रहाला वणवा दिसू लागला, त्याची गोष्ट

ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पश्चिमेला, माहुल परिसरात, १९५४-५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तिथे उंच चिमणीच्या टोकाशी जादा वायू जाळणारी ज्योत चेंबूरकरांना रात्री लांबूनही दिसते. वणवे शोधणाऱ्या उपग्रहांचा इतिहास वणव्यांपासून नव्हे, तर अशाच ज्योतींपासून सुरू होतो.

१९७८ मध्ये अमेरिकेने टायरॉस-एन हा हवामान उपग्रह सोडला. त्यावरचे उपकरण ढग आणि समुद्राचे तापमान पाहण्यासाठी होते. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे १.१ किलोमीटर बाजूचा चौरस. तरीही १९८१ मध्ये मायकेल मॅट्सन आणि जेफ डोझियर यांनी अशा चित्रांत इराणच्या आखातातील वायूच्या ज्योती आणि अमेरिकेतील पोलाद कारखाने ओळखून दाखवले. हे कसे शक्य झाले?

जमिनीचे तापमान ३०० केल्व्हिन आणि आगीचे १००० केल्व्हिन धरा. ११ मायक्रॉन तरंगलांबीला आग जमिनीपेक्षा जेमतेम २८ पट तेजस्वी असते; ४ मायक्रॉनला मात्र सुमारे साडेचार हजार पट! म्हणजे ठिपक्याचा फक्त हजारावा भाग जळत असला, तरी ४ मायक्रॉनला तो ठिपका पाचपटीहून अधिक उजळतो, आणि ११ मायक्रॉनला अवघा तीन टक्के. हा फरक हीच आगीची खूण. (प्लांकचे सूत्र आणि गणकयंत्र घेऊन अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे आकडे स्वतः काढू शकतील. जरूर काढायला लावा.)

पुढे टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवर खास आगीसाठीही उपयोगी पडणारे मोडिस उपकरण गेले. त्याच्या आधारे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून राज्यांच्या वन खात्यांना सूचना पाठवू लागली. नंतर आलेल्या व्हीर्स उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा.

पण उपग्रह पाहतो ती उष्णता. आग कशाची, हे तो सांगत नाही. माहुलची ज्योत आणि टेकडीवरचे जळते गवत त्याला सारखेच. म्हणून वर्षभर एकाच जागी दिसणारे ठिपके वेगळे काढावे लागतात, आणि वन खात्यासाठी वनाच्या हद्दीबाहेरचेही. देवनारचा कचरा या हद्दीबाहेर. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे मोठी आग लागली. धुराचा लोट नासाच्या उपग्रहचित्रांतही आला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा पोटात धुमसतो, त्याचे तापमान ज्वाळांपेक्षा पुष्कळ कमी, पण धूर भरपूर. उष्णतेवरून आगीची प्रत लावली, तर नेमकी मुलांच्या छातीत जाणारी आग खालच्या पायरीवर बसते.

वेळेचीही अडचण आहे. व्हीर्सचे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. ३ डिसेंबर २०१८ ला गोरेगावात दिंडोशीमागच्या डोंगरावर वणवा पेटला तो संध्याकाळी. तो आधी दिसला समोरच्या इमारतींतल्या लोकांना. निर्जन जंगलात उपग्रहाला तोड नाही. शहराच्या कडेला मात्र खिडकीतला माणूस पुढे असतो, असे मला वाटते.

अर्ध्या अर्ध्या तासाने चित्र देणारे इनसॅट-३डी मालिकेतले उपग्रह (पहिला २०१३) आपल्याकडे आहेत. पण त्यांचा अवरक्त ठिपका ४ किलोमीटरचा. माहुलच्या ज्योती, टेकडीवरचे गवत आणि देवनारचा कचरा, सगळे मिळून दोन-तीन ठिपक्यांत संपते.