विद्युत् अग्रे, संमिश्र

विद्युत् ऊर्जा साठविणाऱ्या घटांत व धारित्रांत, तसेच पाण्याचे विद्युत् विच्छेदन करणाऱ्या साधनांत वापरण्यासाठी दोन वा अधिक भिन्न पदार्थ एकत्र आणून बनविलेली अग्रे. रासायनिक विक्रियेत भाग घेणारा पदार्थ बहुधा विजेचा मंद संवाहक असतो. म्हणून त्याला कार्बन, निकेल यांसारख्या सुसंवाहकाची जोड द्यावी लागते.

डब्ल्यू. निकल्सन व ए. कार्लाइल यांनी १८०० मध्ये व्होल्टा यांच्या घटमालेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन केले, तेव्हा त्यांची अग्रे म्हणजे धातूच्या साध्या तारा होत्या. संमिश्र अग्राचे पहिले महत्त्वाचे उदाहरण झॉर्झ लक्लांशे यांच्या १८६६ सालच्या घटात आढळते. त्यांनी मँगॅनीज डाय-ऑक्साइडाच्या चूर्णात कार्बन मिसळला. विजेरीच्या कोरड्या घटांत हीच जोडी शतकाहून अधिक काळ टिकून राहिली. टी. ए. एडिसन यांनी निकेल-लोह घटात निकेल हायड्रॉक्साइडाच्या थरांमध्ये निकेल धातूचे अतिशय पातळ पापुद्रे घातले, तेही याच कारणासाठी.

पाण्याच्या विच्छेदनास सैद्धांतिक दृष्ट्या (२५° से. तापमानास) १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ ते २ व्होल्ट लागतात. हा अपव्यय मुख्यत्वे ऑक्सिजन मुक्त होणाऱ्या धनाग्रावर होतो. एच. बी. बीअर यांनी १९६० नंतरच्या दशकात क्लोरीन उद्योगासाठी टिटॅनियमावर रुथेनियम व टिटॅनियम यांच्या मिश्र ऑक्साइडांचा विलेप दिलेली धनाग्रे तयार केली. अशाच ऑक्साइडाचा अभ्यास करताना एस. त्रासात्ती व जी. बुझांका यांना १९७१ मध्ये रुथेनियम डाय-ऑक्साइड धारित्राप्रमाणे वागत असल्याचे दिसले. ऊर्जासंचय व जलविच्छेदन या दोन शाखा येथे एकत्र आल्या. मात्र रुथेनियम दुर्मिळ व महाग असल्याने मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट व लोह यांच्या संयुगांकडे संशोधक वळले.

महाराष्ट्रात या विषयाचे एक प्रमुख केंद्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात उभे राहिले. तेथे सी. डी. लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक अवक्षेपणाने पातळ पटले बनविण्याच्या पद्धतींचा विस्तृत अभ्यास केला. या पद्धतींना निर्वात यंत्रणा लागत नाही. चंचुपात्र, विद्राव व शंभर अंशांखालील तापमान एवढ्यावर काम भागते. एका प्रकारात काचेची वा पोलादाची पट्टी प्रथम धन आयनांच्या विद्रावात, नंतर ऋण आयनांच्या विद्रावात बुडवितात, मधून पाण्याने धुतात, आणि हे चक्र पुनःपुन्हा केल्याने थर हळूहळू वाढतो. खर्चिक उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांनाही त्यामुळे हे संशोधन आवाक्यात आले, ही गोष्ट पटलांच्या गुणधर्मांइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

तथापि अशा पटलावरील क्रियाशील पदार्थाचे वजन अनेकदा एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यावरून काढलेली दर ग्रॅमची धारिता जाड अग्रास लागू पडत नाही, याकडे वाय. गोगोत्सी व पी. सिमॉन यांनी २०११ मध्ये लक्ष वेधले. निकेल हायड्रॉक्साइडासारखी संयुगे धारित्राप्रमाणे नव्हे, तर घटाप्रमाणे वागतात; त्यांची क्षमता फॅराडमध्ये सांगणे अयोग्य होय, असा आक्षेप २०१५ मध्ये टी. ब्रूस व इतरांनी घेतला. पूर्वी प्रसिद्ध झालेले कित्येक मोठे आकडे त्यामुळे नव्याने तपासून घेणे भाग आहे.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट त्यात आहे. क्षारीय विद्रावाच्या कारखानी साधनांत मात्र आजही निकेलाचा विलेप दिलेले पोलाद व मरी रेनी यांच्या पद्धतीने ॲल्युमिनियम विरघळवून सच्छिद्र केलेले निकेल यांचाच वापर प्रामुख्याने होतो.